शब्दचर्चा : काउंटीची ‘बाउंडरी’ – सीमा, हद्द की शीव?

शुद्धपत्र
अमेरिकेतल्या जमिनीच्या काही कागदांचा मराठी अनुवाद चालू आहे. तीन ठिकाणी गाडी अडली आहे.
एक, ‘काउंटीच्या (म्हणजे राज्याच्या प्रशासकीय विभागाच्या) सीमा राज्याच्या कायद्याने परिभाषित केलेल्या आहेत’ हे वाक्य. व्याकरणात चूक नाही, पण मराठी वाटत नाही.
दोन, ‘मीट्स अँड बाउंड्स’ला, म्हणजे जमिनीची हद्द शब्दांत वर्णन करण्याच्या रीतीला प्रतिशब्द.
तीन, काउंटीला सरळ ‘जिल्हा’ म्हणावे का?

दप्तरदार
खटकायलाच हवे. परिभाषा शब्दाची होते, जमिनीची नव्हे. जमिनीची हद्द ठरते, आखली जाते आणि वाद झाला की कायम केली जाते. इंग्रजीत ‘डिफाइन’ आणि ‘एस्टॅब्लिश’ ही दोन क्रियापदे या तिन्ही कामांवर सरसकट फिरतात. मराठीत तिन्हींना वेगळे शब्द आहेत, तर ते वेगळेच ठेवावेत. कारण ही कामे करणारेही वेगळे असतात.

अमेरिकेत काउंटीची हद्द ठरवते राज्याचे विधिमंडळ. फ्लोरिडाच्या कायदेसंग्रहातले सातवे प्रकरण पाहा. प्रकरणाचे नावच ‘काउंटीच्या हद्दी’. ६७ काउंट्या वर्णानुक्रमाने, पहिले कलम अलाचुआचे. वॉशिंग्टन राज्यातही ३९ काउंट्यांसाठी असेच स्वतंत्र प्रकरण आहे. तिथे नकाशा शोधायला जाल तर सापडणार नाही. एक लांबलचक वाक्य सापडेल : अमुक ठिकाणापासून सुरुवात, तेथून अमुक दिशेला, तेथून तमुक नदीने, आणि परत आरंभस्थानी. हद्द म्हणजे हे वाक्य. नकाशा हा त्या वाक्याचा कोणीतरी लावलेला अर्थ.

ती रानात आखतो सर्व्हेअर, म्हणजे दगड, खांब, खुणा.

कायम करणे हे तिसरे. नॉर्थ कॅरोलायनात यासाठी वेगळी तरतूद आहे. दोन काउंट्यांना आपल्यामधली रेषा नेमकी कुठे आहे याची खात्री नसेल, तर त्या मिळून मोजणी करवतात, खुणा रोवतात, नकाशा काढतात. देखरेखीला खास आयुक्त नेमता येतात. नंतर दोन्ही काउंट्यांची मंडळे ठराव करून त्या रेषेला मान्यता देतात. नकाशा दोन्हीकडच्या दस्तनोंदणी कार्यालयांत आणि राज्याच्या सचिवांकडे दाखल होतो, आणि ठरावांच्या तारखा नकाशावरच लिहाव्या लागतात. ध्यानात घ्या, हे हद्द बदलणे नाही. पूर्वी ठरलेली हद्द सापडत नव्हती, ती शोधून पक्की केली. आपल्या भूमी अभिलेख खात्यात ‘हद्द कायम मोजणी’ म्हणतात ती नेमकी हीच कल्पना. तयार शब्द असताना ‘सीमा पुनर्निर्धारण’ वगैरे घडवत बसू नये. त्या शब्दाने तर हद्द बदलल्याचा भास होतो, म्हणजे अर्थ उलटाच.

तुमचे वाक्य : ‘काउंटीच्या हद्दी राज्याच्या कायद्याने ठरवून दिलेल्या आहेत.’ पुढे कलमातला मजकूर येत असेल तर ‘कायद्यात वर्णिलेल्या आहेत’ अधिक नेमके.

मोडीवाला
शब्दांविषयी थोडे. ‘सीमा’ संस्कृत, आणि तिचाच झिजून झालेला घरगुती अवतार ‘शीव’. गावाची शीव, शिवेवरचा म्हसोबा, शिवार ही सगळी त्याच कुळातली. दसऱ्याचे ‘शिलंगण’ म्हणजे सीमोल्लंघन, हे अनेकांना सोने लुटून झाले तरी ठाऊक नसते. ‘हद्द’ अरबी, ‘सरहद्द’ला फारसी डोके. ‘तालुका’ अरबी, आणि ‘जिल्हा’ही अरबीच. मूळ शब्दाचा अर्थ बरगडी, त्यावरून बाजू, त्यावरून मुलखाची एक बाजू.

शेताच्या पातळीवर घाटावर ‘बांध’, विदर्भात ‘धुरा’, कोकण-गोव्यात ‘मेर’. गंमत म्हणजे जुन्या इंग्रजीतही हद्दीला ‘मीअर’सारखा एक शब्द होता आणि ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश नकाशा खात्याच्या भाषेत हद्द टिपण्याच्या कामाला अजून ‘मीअरिंग’ म्हणतात. ध्वनी जुळला म्हणून नाते जोडू नये, पण कोकणातल्या वाचकाला हा शब्द एकदा सांगितला की विसरणार नाही.

वापराचा माझा कौल असा. राज्य आणि देश यांना ‘सीमा’, महसुली आणि प्रशासकीय क्षेत्राला ‘हद्द’, गावाला ‘शीव’. पोलीस ठाण्याची हद्द असते, सीमा नसते. त्या न्यायाने काउंटीची हद्द.

शुद्धपत्र
‘हद्द’ पटले. मीट्स अँड बाउंड्स?

साखळीदार
हे दोन वेगळे शब्द आहेत आणि मराठी खरेदीखतांत त्यांतला एकच आपल्या परिचयाचा आहे. ‘बाउंड्स’ म्हणजे चतुःसीमा : पूर्वेस अमक्याची जमीन, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस गाडीवाट, उत्तरेस गट नंबर अमुक. ‘मीट्स’ म्हणजे मोजून दिलेली दिशा आणि अंतर. आपल्या खतांत ते सहसा नसते, कारण ते काम सर्व्हे नंबर किंवा गट नंबर आणि त्यामागचा नकाशा करतो. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या जुन्या राज्यांत तसा नंबर नव्हता, म्हणून सगळे वाक्यातच कोंबावे लागले. तेव्हा नुसते ‘चतुःसीमा’ अपुरे पडते. ‘दिशा, अंतर व चतुःसीमांनिशी वर्णन’ असे सुटे लिहा, पुढे ‘हद्दवर्णन’ म्हटले तरी चालेल.

नमुन्यादाखल रचलेले एक वाक्य :

‘दोन ओढ्यांच्या संगमावरील दगडापासून आरंभ, तेथून मोठ्या ओढ्याच्या मध्यधारेने वरच्या अंगाला पुलापर्यंत, तेथून उत्तरेकडून पूर्वेकडे ४२ अंश १५ मिनिटे या दिशेने ८० साखळ्या, ओकच्या खूणझाडापर्यंत, तेथून थेट दक्षिणेस शेजारच्या काउंटीच्या हद्दीपर्यंत, तेथून त्या हद्दीने आरंभस्थानापर्यंत.’

प्रत्येक ‘तेथून’ म्हणजे एक टप्पा. अनुवादात तो एक शब्द गळला तर दोन टप्पे एकमेकांत मिसळतात आणि रेषा भलतीकडे जाते.

आता या छोट्या वाक्यात अनुवादक कुठे पडतात ते सांगतो.

दिशा. ‘उत्तर ४२ अंश पूर्व’ याचा अर्थ तोंड उत्तरेला करा आणि पूर्वेकडे ४२ अंश वळा. काही अनुवादांत याचे ‘ईशान्येस ४२ अंश’ केलेले दिसते. ईशान्य ही ४५ अंशांवरची ठरलेली उपदिशा. तिच्यापुढे पुन्हा अंश लिहिले की वाचणाऱ्याने मोजायला कुठून सुरुवात करायची? ‘दक्षिण ४२ अंश पूर्व’चे ‘आग्नेय’ करणेही तसेच. उपदिशांची नावे हद्दवर्णनात वापरूच नयेत. आणि ‘उत्तरेकडे’ व ‘थेट उत्तरेस’ यांत फरक ठेवा. पहिल्यात पुढचा मजकूर रेषेला वळण देऊ शकतो, दुसऱ्यात नाही.

उत्तर कोणती, हा आणखी एक घोळ. जुन्या मोजण्या होकायंत्रावर झाल्या. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर एक नाहीत, आणि त्यांतला फरक वर्षागणिक सरकतो. एका अंशाची चूक एका मैलात साधारण ९२ फूट होते. २४ मैल लांबीच्या हद्दीवर ती २,२०० फुटांपलीकडे जाते, म्हणजे एक अख्खी वस्ती या काउंटीतून त्या काउंटीत. मूळ कागदात ‘चुंबकीय’ किंवा ‘खरी’ असे लिहिले असेल तर तो शब्द फालतू समजून गाळू नका.

साखळी. हा सापळा खास मराठी माणसासाठी आहे. अमेरिकी हद्दवर्णनातली साखळी गुंटर नावाच्या इंग्रज गणितज्ञाची : ६६ फूट, १०० कड्या, एक कडी ७.९२ इंच, ८० साखळ्यांचा मैल. आपल्या जुन्या मुंबई इलाख्याच्या मोजणीतली साखळी ३३ फुटांची, १६ आण्यांत विभागलेली. जुन्या टिपणांची सवय असलेल्या माणसाने ‘८० साखळ्या’ वाचले की त्याच्या डोक्यात अर्धा मैलच येणार. म्हणून पहिल्या उल्लेखाला ‘६६ फुटी साखळी’ लिहाच.

मोडीवाला
गुंटरवरून गुंठा आला असे कोणीतरी म्हणणार, त्याआधीच सांगतो : नाही. कानडी-तेलुगूत ‘गुंटे’, ‘गुंट’ आहेत, शब्द इकडचाच.

साखळीदार
आकडे मात्र सुरेख जुळतात. ३३ गुणिले ३३ म्हणजे १,०८९ चौरस फूट, हा गुंठा. ६६ गुणिले ६६ म्हणजे ४,३५६, बरोबर चार गुंठे. अशा दहा चौकोनांचा एकर, म्हणजे ४० गुंठे. आपली साखळी इंग्रजी एकराला जुळवून अर्धी केलेली, एवढेच.

टेक्ससचे जुने कागद असतील तर आणखी एक जुळा शब्द भेटेल : स्पॅनिश ‘वारा’. आपला ‘वार’ ३६ इंचांचा, टेक्ससचा वारा ३३ पूर्णांक एक तृतीयांश इंचांचा. कानाला एकच, पण १,००० वाऱ्यांत फरक २२२ फुटांचा.

नकाशेकर
वर्णनातले दोन तपशील एकमेकांशी भांडले तर कोणाचे ऐकायचे, हेही सांगा. अनुवादात ‘पर्यंत’ किती महत्त्वाचे ते त्यावरूनच कळते.

साखळीदार
अमेरिकी न्यायालयांचा सर्वसाधारण क्रम असा : आधी नैसर्गिक खूण (नदी, कडा, झरा), मग माणसाने रोवलेली खूण (दगड, खांब), मग शेजारची हद्द, मग दिशा आणि अंतर, सगळ्यांत शेवटी क्षेत्रफळ. दिशा आधी की अंतर आधी, यावर राज्याराज्यांत मतभेद आहेत. कारण साधे आहे. साखळी ताणते, कड्या झिजतात, मोजणारा आकडा चुकतो. नदी तिथल्या तिथे असते आणि कायदा करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे तीच असते. म्हणून ‘८० साखळ्या, ओकच्या खूणझाडापर्यंत’ यात झाड ८३ साखळ्यांवर निघाले तर रेषा झाडापर्यंत जाते. पण अनुवादकाने ‘ओकच्या झाडाच्या दिशेने ८० साखळ्या’ केले, की झाडाची खूण म्हणून असलेली किंमत गेली आणि आकडा वरचढ ठरला. ‘पर्यंत’ आणि ‘कडे’ यांची अदलाबदल ही या प्रकारच्या अनुवादातली सगळ्यांत महाग चूक.

शुद्धपत्र
एका कागदात ‘टाउनशिप’ आणि ‘रेंज’ आहे. दिशा-अंतर काहीच नाही.

साखळीदार
म्हणजे तो कागद बहुधा मध्य किंवा पश्चिम भागातला. १७८५च्या जमीन अध्यादेशापासून तिथे चौकटी पाडल्या. सहा मैल गुणिले सहा मैल एक टाउनशिप, तिच्यात ३६ सेक्शन, प्रत्येक एक चौरस मैल म्हणजे ६४० एकर. या टाउनशिपचे ‘नगर’ किंवा ‘वसाहत’ करू नका. तिथे गाव असेलच असे नाही, ती कागदावरची चौकट आहे. ‘टाउनशिप’च ठेवा. अशा राज्यांत काउंटीची हद्द फार थोडक्यात सांगता येते : अमुक ते तमुक टाउनशिप, अमुक ते तमुक रेंज (टाउनशिपांची उत्तर-दक्षिण रांग). आयोवात १६ टाउनशिपांच्या, म्हणजे २४ गुणिले २४ मैलांच्या काउंट्या बऱ्याच दिसतात.

मग नकाशावर त्या चौकोनांना मधेच खाचा का? पृथ्वी गोल, उत्तरेकडे जाताना रेखावृत्ते जवळ येतात, त्यामुळे चौकोन वर निमुळते होतात. ते सावरायला ठरावीक अंतरावर दुरुस्तीची रेषा घेऊन मोजणी नव्याने सुरू करतात. खाच म्हणजे आखणाऱ्याची चूक नव्हे.

याच कागदांत ‘मिअँडर’ रेषा भेटली तर सांभाळा. तळ्याच्या किंवा नदीच्या काठाची वळणे टिपून क्षेत्रफळ काढण्यासाठी ती घेतात. ती सहसा हद्द नसते, हद्द पाण्याशी असते. ‘काठमोजणीची रेषा’ म्हणा, ‘काठाची हद्द’ म्हणू नका.

दप्तरदार
नदीच्या बाबतीत ‘नदी ही हद्द’ एवढ्यावर भागत नाही. नदीत कुठे? तीन उत्तरे असतात आणि तिन्हींना वेगळे मराठी हवे. दोन काठांमधली मध्यरेषा. मुख्य प्रवाहाची, म्हणजे होडी चालते त्या खोल धारेची मध्यरेषा. तिला परिभाषेत ‘थालवेग’ म्हणतात, मराठीत ‘खोल धार’ चपखल बसते. आणि तिसरी, उतरत्या पाण्याची रेषा, म्हणजे पाणी सगळ्यांत खाली उतरते तेव्हाचा काठ. केंटकीच्या उत्तरेकडच्या काउंट्या ओहायो नदीशी संपतात त्या मध्यावर नव्हे, पार पलीकडच्या अंगाला, १७९२ सालच्या उतरत्या पाण्याच्या रेषेवर. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८०मध्ये हे पक्के केले. आजचे पाणी कुठे आहे हा मुद्दाच नाही, १७९२चे कुठे होते ते पाहायचे.

नदी सरकली तर? हळूहळू मळई साठत सरकली तर हद्दही तिच्याबरोबर सरकते. पुरात एकाएकी पात्र तोडून दुसरीकडे गेली तर हद्द जुन्या पात्रातच राहते. १८७७मध्ये मिसूरी नदीने असेच केले आणि आयोवाचा एक तुकडा नेब्रास्काच्या बाजूला पडला. १८९२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आयोवाचाच ठरवला. आजही कार्टर लेक हे गाव ओमाहाला चिकटून आहे, पण आहे आयोवाच्या पॉटावाटॅमी काउंटीत. अनुवादासाठी ‘मळई पडणे’ आणि ‘पात्र तोडणे’. ‘अभिवृद्धी’ आणि ‘विच्छेद’ असे शब्द बनवून वकिलांना खूश करता येईल, पण नदीकाठच्या कोणत्याही शेतकऱ्याला पहिली जोडी आधीच येते.

नकाशेकर
एक इशारा. हद्दवर्णन पडताळायला बरेच जण जनगणना विभागाच्या डिजिटल नकाशांतल्या रेषा उतरवून घेतात. त्या मोजदादीसाठी असतात. अधिकारक्षेत्राचा किंवा जमिनीच्या कायदेशीर वर्णनाचा पुरावा म्हणून त्या धरू नयेत, असे तो विभागच स्पष्ट सांगतो. हद्दींतले बदल तो दरवर्षी १ जानेवारीच्या स्थितीप्रमाणे मागवून घेतो, त्यामुळे मधल्या काळातला बदल दिसतही नाही. कर आकारणीच्या नकाशातली रेषा आणि कायद्यातले वाक्य वेगळे पडले की एकाच घराला दोन काउंट्यांची करपावती येते, किंवा मतदार भलत्याच मतपत्रिकेवर शिक्का मारतो. अशा वेळी दाद मागायची ती वाक्याच्या आधारे.

पडताळणीची घरगुती रीत : मूळ इंग्रजी बाजूला ठेवा आणि फक्त आपला मराठी मजकूर वाचून आलेखवहीवर रेषा काढा. शेवट आरंभाला येऊन मिळाला नाही, तर एक तर तुमचा टप्पा गळला आहे किंवा मूळ कागदातच गफलत आहे. दुसरे तितके दुर्मीळ नाही, तेव्हा मूळ दुरुस्त करू नका. जसे आहे तसे अनुवादून तळटीप द्या.

शुद्धपत्र
आणि काउंटीला जिल्हा?

मोडीवाला
शब्द म्हणून मोह होतो खरा. पण काउंटी हा मुळात काउंटचा, म्हणजे सरदाराचा मुलूख. इंग्लंडात तर कारभारातली काउंटी गेली तरी नाव मागे राहते. मिडलसेक्सचा कारभार १९६५मध्ये संपला, क्रिकेटचा संघ अजून खेळतो. ‘मिडलसेक्स जिल्हा क्रिकेट संघ’ म्हणून पाहा, तालुका पातळीवरचे सामने वाटतात.

दप्तरदार
हसण्यावारी नेले तरी मुद्दा खरा आहे, पण माझे कारण निराळे. हद्द ठरवण्याची पद्धतच उलटी आहे.

आपला जिल्हा आतून रचलेला असतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम ४ : राज्य शासन राजपत्रात अधिसूचना काढते, तीही आधी मसुदा प्रसिद्ध करून. पालघर १ ऑगस्ट २०१४ला ठाण्यातून वेगळा झाला तो आठ तालुक्यांचा मिळून : पालघर, वसई, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाडा. यात ‘तेथून अमुक अंश’ असे काही लागत नाही. जिल्हा म्हणजे तालुके, तालुका म्हणजे गावे, आणि गावाची शीव मोजणी खात्याच्या गावनकाशात. १९५६च्या राज्य पुनर्रचना कायद्यातही हेच : म्हैसूरकडे गेला तो ‘चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा’. अख्ख्या राज्याची सीमा नावांच्या यादीतून ठरली, रेषा शोधायला शेवटी गावाच्या शिवेपर्यंतच उतरावे लागते.

अमेरिकी काउंटी बाहेरून आखलेली. आधी बाहेरची रेषा, मग आत जे येईल ते. शहरे त्या रेषेला जुमानतातच असे नाही. कोलोराडोतले ब्रूमफील्ड हे एक शहर चार काउंट्यांत पसरले होते : बोल्डर, अ‍ॅडम्स, जेफरसन आणि वेल्ड. ते निस्तरायला १९९८मध्ये मतदारांनी राज्यघटना दुरुस्त केली आणि १५ नोव्हेंबर २००१पासून शहर आणि काउंटी एकच झाली. आपल्याकडे अधिसूचनेने होणारे काम तिथे घटनादुरुस्तीने झाले.

काही राज्यांच्या घटनांत तर मापेच आहेत. केंटकीत ४०० चौरस मैलांपेक्षा लहान काउंटी करता येत नाही आणि नवी रेषा कोणत्याही काउंटीच्या ठिकाणापासून (तिचा कारभार जिथून चालतो त्या गावापासून) १० मैलांच्या आत आणता येत नाही. टेक्ससमध्ये, ज्या काउंटीतून तुकडा तोडायचा तिच्या ठिकाणापासून १२ मैल. नाही तर जुने ठिकाण नव्या हद्दीच्या टोकाला लटकत राहिले असते. आणि हो, ‘काउंटी सीट’ला ‘मुख्यालय’ किंवा ‘आसन’ नको. जिल्ह्याचे ठिकाण म्हणतो तसे ‘काउंटीचे ठिकाण’.

तेव्हा ‘काउंटी’च ठेवा. लुइझियानात तिलाच ‘पॅरिश’ म्हणतात, अलास्कात ‘बरो’, व्हर्जिनियातली ३८ शहरे कोणत्याच काउंटीत नाहीत. सगळ्यांना जिल्हा म्हणायला गेलात तर व्हर्जिनियापाशी वाक्य अडेल : ‘हे शहर कोणत्याही जिल्ह्यात येत नाही.’ मराठी वाचक म्हणेल, छपाईची चूक.

शुद्धपत्र
शेवटचे एक. क्षेत्रफळाच्या आकड्यापुढे ‘मोअर ऑर लेस’ आहे. ‘अंदाजे’ लिहू?

साखळीदार
‘अंदाजे’ नको. आकडा मोजूनच काढलेला आहे, फक्त थोड्या फरकाने व्यवहार मोडू नये म्हणून ती पुस्ती जोडलेली असते. ‘क्षेत्र ६४० एकर, कमीजास्त’ लिहा.